‘शक्यता कमी’ लिहिलंय, मग बर्फ भरायचा का?



मागे एका हंगामात आमच्याकडून चूक झाली होती. तिथूनच सुरुवात करतो, म्हणजे पुढचं आम्ही का लिहितोय ते कळेल.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. दिल्लीहून हवामान खात्याचा अंदाज आला: लक्षद्वीपजवळ कमी दाबाचं क्षेत्र, ते आणखी तीव्र होण्याची शक्यता ‘लो’. आम्ही इथे दोन ओळी टाकल्या, "वादळाची शक्यता कमी. आपल्या किनाऱ्याला धोका नाही." लोकांनी अंगठे दाखवले, हात जोडले. त्याच संध्याकाळी आपल्या तीन नौकांनी बर्फ भरला आणि आठ-आठ दिवसांच्या फेरीला गेल्या. चौथ्या दिवशी दक्षिणेचा वारा सुटला, पाणी खवळलं. एका नौकेने जाळं कापून टाकलं तेव्हा ती सुटली. दुसरी दीड दिवस कशीबशी परतत होती आणि तिचा वायरलेस लागत नव्हता. माणसं सगळी घरी आली, हे देवाचे उपकार.

आणि गंमत बघा, चक्रीवादळ काही झालं नाही. ‘शक्यता कमी’ हे शंभर टक्के खरं ठरलं! पुढच्या सभेत एका जुन्या नाखव्याने आम्हाला एकच प्रश्न केला, "खात्याने लिहिलं काय, आणि तुम्ही आम्हाला सांगितलं काय?" त्याचं उत्तर त्या दिवशी आमच्याकडे नव्हतं. नंतर आम्ही ते बुलेटिन नीट बसून वाचायला शिकलो. आता ऑक्टोबर-नोव्हेंबरचे वादळाचे महिने समोर आहेत, म्हणून आज जरा लांब लिहितोय. फेरीला निघणाऱ्याने जेट्टीवर बसून वाचावं, घरच्यांनीही वाचावं.

पहिली गोष्ट त्या ‘लो’ची. हवामान खातं रोज एक अंदाज काढतं, त्यात पुढच्या १६८ तासांचा, म्हणजे सात दिवसांचा, एकेका दिवसाचा तक्ता असतो. अरबी समुद्र वेगळा, बंगालचा उपसागर वेगळा. प्रत्येक दिवसापुढे चारपैकी एक शब्द: निल, लो, मॉडरेट, हाय. निल म्हणजे शून्य. लो म्हणजे १ ते ३३ टक्के. मॉडरेट ३४ ते ६६. हाय ६७ ते १००. आता विचार करा, लो म्हणजे दोन टक्केही असू शकतात आणि तेहतीसही. तेहतीस म्हणजे तिनात एक. तीन फेऱ्यांत एकदा इंजिन बंद पडणार असं मेकॅनिकने सांगितलं तर कोण नाखवा त्या नौकेवर माणसं चढवेल?

दुसरं, आणि हे आम्हालाही माहीत नव्हतं: ती टक्केवारी चक्रीवादळाची नसतेच. ती ‘डिप्रेशन’ तयार होण्याची असते. वारा ताशी ३१ किलोमीटरच्या खाली असेल तोवर त्याला नुसतं कमी दाबाचं क्षेत्र म्हणतात. ३१ ते ४९ झाला की डिप्रेशन. ५० ते ६१ डीप डिप्रेशन. ६२ च्या वर गेला की मग चक्रीवादळ, आणि तेव्हाच त्याला नाव मिळतं. म्हणजे टीव्हीवर नाव ऐकू येण्याआधी दोन पायऱ्या चढून झालेल्या असतात. साठ किलोमीटरचा वारा तुमच्या नौकेवर असेल तरी त्याला नाव नाही, टीव्हीवर बातमी नाही. आणि नुसत्या कमी दाबाच्या वेळीसुद्धा मच्छीमारांच्या इशाऱ्यात "वारा ४५ ते ५५, झोत ६५ किलोमीटरपर्यंत" ही ओळ येतेच. आपलं जाळं त्या ओळीने फाडलं होतं. तक्त्यात ‘लो’ होतं, आणि मच्छीमारांच्या इशाऱ्यात ही ओळ होती. आम्ही तक्ता वाचला, इशारा वाचला नाही. दोन्ही कागद वेगळे निघतात, दोन्ही बघावे लागतात.

बावट्याचंही असंच आहे. आपल्याकडे "तीन नंबर लागला" म्हटलं की सगळे नांगर टाकतात, आणि "एकच नंबर आहे रे" म्हटलं की हसून निघतात. १ नंबरचा अर्थ असा की लांब समुद्रात खराब हवामानाचा पट्टा आहे, त्यातून वादळ उठू शकतं, बंदराला सध्या त्रास नाही. २ नंबर म्हणजे लांब समुद्रात वादळ झालेलं आहे, आणि बंदर सोडून जाणाऱ्या जहाजांना तो इशारा आहे. ३ नंबर म्हणजे बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका. तिथून पुढे ११ पर्यंत आकडे जातात. आता तुम्हीच सांगा, १ आणि २ कोणासाठी आहेत? जो बंदरात बसलाय त्याच्यासाठी नव्हेत. जो बंदर सोडून जातोय त्याच्यासाठीच आहेत. बंदराची काळजी ३ नंबरपासून सुरू होते, लांबच्या फेरीला जाणाऱ्याची १ पासून. आपण उलट धरून चाललोय, पिढ्यान्‌पिढ्या.

आणखी एक जागा जिथे आपण फसतो. हवामान खात्याची ‘किनारी’ बुलेटिनं किनाऱ्यापासून ७५ किलोमीटरपर्यंतच्या पाण्यासाठी असतात. त्यापलीकडचा समुद्र वेगळ्या बुलेटिनमध्ये येतो. ७५ किलोमीटर म्हणजे साधारण ४० सागरी मैल. डोल लावणारा, खाडीच्या तोंडावर गिलनेट टाकणारा त्याच्या आतच असतो, त्याला किनारी बुलेटिन पुरतं. पण मोठे ट्रॉलर त्याच्या बाहेर जातात. मुंबई केंद्राच्या किनारी बुलेटिनमध्ये "समुद्र मध्यम स्वरूपाचा" वाचून साठ मैलांवर गेलेला तांडेल दुसऱ्याच पाण्याचा अंदाज खिशात घेऊन गेलेला असतो.

वादळाचे जे टप्पे खातं सांगतं, तेही किनारा धरून मोजलेले असतात. किनाऱ्यावर हवामान बिघडण्याच्या ४८ तास आधी पिवळा अलर्ट, २४ तास आधी नारिंगी, मग लाल. जो साठ मैल बाहेर, वादळाच्या वाटेवर उभा आहे, त्याच्यासाठी ते ४८ तास ४८ नसतात.

आता जुन्या आठवणी. फयान सगळ्यांना माहीत आहे, रत्नागिरीपासून मुंबईपर्यंत किती घरांना ते लागलं ते सांगायला नको. पण तारखा बघा. ९ नोव्हेंबर २००९ ला लक्षद्वीपच्या बाजूला डिप्रेशन झालं. ११ नोव्हेंबरला ते चक्रीवादळ झालं आणि त्याच दिवशी दुपारनंतर अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये किनाऱ्यावर आलं. नाव मिळालं त्याच दिवशी घरात घुसलं! म्हणजे डिप्रेशनपासून किनाऱ्यापर्यंत दोन दिवस. आठ दिवसांच्या फेरीच्या तिसऱ्या दिवशी असलेल्या नौकेने काय करायचं? वाऱ्याचा वेगही काही फार नव्हता, ७५-८५ च्या आसपास. नुसता वेग बघितला तर त्यानंतरची कितीतरी वादळं मोठी. निसर्ग ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आलं तेव्हा वारा ताशी ११० च्या वर होता. घरांची कौलं गेली, सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या झोपल्या, पण तेव्हा बहुतेक नौका किनाऱ्याला होत्या. फयानला आपण दर्यात होतो. फरक एवढाच.

फयानला लक्षद्वीपची बाजू होती. तौक्तेलाही तीच. १३ मे २०२१ ला तिथे कमी दाबाचं क्षेत्र झालं, १४ ला डिप्रेशन आणि त्याच मध्यरात्रीच्या सुमारास चक्रीवादळ, १७ ला ते मुंबईच्या समोरून गेलं आणि रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर चढलं. त्याच दिवशी बॉम्बे हायजवळ पी-३०५ बार्ज बुडालं, माणसं गेली. म्हणून आमचं म्हणणं, अंदाजात "लक्षद्वीप", "मालदीव", "कोमोरिन" हे शब्द दिसले की "ते केरळवाल्यांचं बघतील" असं म्हणायचं नाही. तिथे उठलेलं उत्तरेला सरकलं तर वाटेत आपणच आहोत.

ओखीचं तर आपण डोळ्यांनी बघितलंय. २९ नोव्हेंबर २०१७ ला पहाटे श्रीलंकेच्या खालच्या बाजूला डिप्रेशन, ३० ला सकाळी कन्याकुमारीजवळ चक्रीवादळ. चोवीस तासांच्या थोडं पुढे-मागे. केरळ आणि तामिळनाडूचे मच्छीमार कित्येक दिवसांच्या फेरीवर आधीच निघून गेलेले होते. ‘समुद्रात जाऊ नका’ हा इशारा जे जाऊन बसलेत त्यांना काय उपयोगाचा? शेकडो माणसं परत आली नाहीत. जी वाचली त्यातली बरीच वाऱ्यासोबत वर आपल्या बाजूला आली. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर ६८ नौका आणि ९५२ मच्छीमार सुखरूप पोचल्याचं तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं होतं. देवगडच्या लोकांनी त्यांना जेवू घातलं. भाषा कळत नव्हती, पण ओल्या कपड्यातल्या माणसाला काय हवं ते कुठल्याही बंदरावर कळतं.

ही झाली अंगावर आलेली. क्यार अंगावर आलंच नाही. २५ ऑक्टोबर २०१९, ऐन दिवाळीत, रत्नागिरीच्या पश्चिमेला दोनशे किलोमीटरच्या आसपास ते चक्रीवादळ झालं. इतक्या जवळ. तिथून पुढे ओमानच्या दिशेने जाता जाता २७ तारखेला सुपर सायक्लोन झालं. किनाऱ्याला धडक नाही, तरी आपल्याकडे उधाण, वारा, भातं आडवी, आणि नौका मिळेल त्या खाडीत आसऱ्याला. ते गेलं नाही तोवर लक्षद्वीपकडून ‘महा’ आलं. एकाच वेळी अरबी समुद्रात दोन. त्या हंगामात किती फेऱ्या वाया गेल्या ते ज्याच्या त्याच्या वहीत आहे.

वादळ नेहमी समुद्रातूनच येतं असंही नाही. ऑगस्ट २०२४ चं असना आठवा. बंगालच्या उपसागराकडून आलेली ती प्रणाली मध्य प्रदेश, राजस्थान, गुजरात अशी जमिनीवरून चालत कच्छपर्यंत आली आणि ३० ऑगस्टला अरबी समुद्राच्या तोंडावर तिचं चक्रीवादळ झालं. ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळ १९७६ नंतर पहिल्यांदा झालं. आता भुसावळच्या पलीकडे, बऱ्हाणपूर, चांदनी, नेपानगरकडे मुसळधार पाऊस आहे अशी बातमी आली म्हणून आपण कधी नौका थांबवली आहे का? ते शेतीवाल्यांचं आणि तापीच्या पुराचं, असं म्हणून पान उलटतो. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मध्य भारतावरून डिप्रेशन पश्चिमेला सरकत असेल तर पालघर-डहाणूपासून गुजरातच्या पाण्यात जाणाऱ्यांनी ती बातमी आपलीच समजावी.

आणि अलीकडचं, २४ मे २०२५. रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्ये डिप्रेशन किनाऱ्यावर आलं. त्याला नाव नव्हतं, म्हणून कोणाच्या लक्षात नाही. बंदी लागायला आठवडा बाकी होता, शेवटची फेरी मारून घेऊ म्हणणाऱ्यांचे ते दिवस. नेमके तेच.

आता हिशोबाचं बोलू, कारण शेवटी सगळं तिथेच अडतं. बर्फ, डिझेल, रेशन, खलाशांची उचल. फेरी निघण्याआधीच मालकाचे पैसे बाहेर पडलेले असतात, आणि कर्जाचा हप्ता हवामान बघून थांबत नाही. अर्ध्यातून परत आलं तर बर्फ वितळलेला, डिझेल जळलेलं, खणात मासळी नाही. म्हणून तांडेल म्हणतो, अजून एक दिवस बघू. आम्ही त्याला दोष देत नाही. पण वेळेचा हिशोबही करून ठेवा. साठ मैलांवरून आठ नॉटने यायला साडेसात तास लागतात, तेही शांत पाण्यात. समोरून लाट असेल, नौका भरलेली असेल, तर पाच नॉट मिळाले तरी खूप, म्हणजे बारा तास. त्यात जाळं ओढायला लागणारा वेळ धरा. निरोप मिळायला झालेला उशीर धरा. रात्री निर्णय घ्यायला लागणारा वेळही धरा, कारण रात्री कोणी पटकन निर्णय घेत नाही. दिवस गेला. फयानने एकूण दोन दिवस दिले होते.

म्हणून परत फिरायचं की नाही हे दर्यात ठरवणं महाग पडतं. बर्फ भरायचा की नाही हे जेट्टीवर ठरवणं स्वस्त पडतं. आमचा सगळा मुद्दा एवढाच आहे. सात दिवसांचा तक्ता आहे, तो फेरीच्या दिवसांवर ठेवून बघा. आठ दिवसांची फेरी असेल आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ‘मॉडरेट’ असेल तर आज आभाळ कितीही निळं असो, ती फेरी चार दिवसांची करा किंवा दोन दिवस थांबा. ‘लो’ असेल तर जागा बघा: तिकडे ओमानजवळ असेल तर एक गोष्ट, लक्षद्वीपला असेल तर दुसरी. आणि काल निल, आज लो, उद्या मॉडरेट असं चढत असेल तर शब्दापेक्षा ते चढणं बघा.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या रंगीत नकाशांबद्दल. लाल-जांभळं चक्र मुंबईवर बसलेलं, तारीख दहा दिवसांनंतरची, खाली "महाराष्ट्राला महावादळाचा धोका". दहा दिवसांपुढचं ते एका मॉडेलचं एका वेळचं चित्र असतं, दुसऱ्या दिवशी तेच चक्र येमेनला गेलेलं असतं. असं दोनदा खोटं ठरलं की तिसऱ्यांदा खऱ्या इशाऱ्यावरही माणूस हसतो, हे नुकसान मोठं. लांबचं बघायचंच असेल तर खातं दर गुरुवारी दोन आठवड्यांचा अंदाज काढतं, तो बघा. लाटांसाठी हैदराबादची इन्कॉईस संस्था आहे, लाटांची उंची आणि उधाणाचे इशारे तिथे मिळतात. वादळ शेकडो मैल लांब असलं तरी त्याची लाट आपल्या खाडीच्या तोंडावर येऊन फुटते. बारवर नौका उलटतात त्या अशा वेळी, आणि त्या दिवशी वारा पडलेला असतो.

निरोप पोचण्याचं काय? मोबाईल थोड्या मैलांनंतर मरतो. व्हीएचएफचा चॅनल १६ चालू ठेवा, गाणी लावायला दुसरा चॅनल शोधा, हे आम्ही हात जोडून सांगतोय. ओखीनंतर, ऑक्टोबर २०१९ मध्ये, जेमिनी नावाचं यंत्र आलं. उपग्रहावरून इशारा नौकेवर येतो, पण नौकेवरून काही परत पाठवता येत नाही. आता ट्रान्सपॉन्डर येताहेत, त्यात दोन्ही बाजूंनी निरोप जातो आणि संकटाचं बटणही आहे. देशभरात एक लाख नौकांवर ते बसवण्याची योजना पालघरला सुरू झाली, तीही ३० ऑगस्ट २०२४ ला, नेमकं असनाला नाव मिळालं त्याच दिवशी. (तो कार्यक्रम वाढवण बंदराच्या पायाभरणीचा होता. त्यावर मच्छीमार काय म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, तो विषय इथे नको.) यंत्र बसलं असेल तर ते चालू ठेवा. "आपण कुठे मासळी मारतो ते सरकारला दिसतं" म्हणून बंद ठेवणारे आपल्यातच आहेत, नावं घेत नाही.

घरच्या मंडळींसाठी थोडं. नौका सुटण्याआधी एक कागद घरी ठेवून घ्या: नौकेचा नोंदणी क्रमांक, तांडेलासह सगळ्या खलाशांची पूर्ण नावं आणि गावं, किती दिवसांची फेरी, कोणत्या दिशेला, किती वावांत. शेवटच्या क्षणी एक खलाशी बदलला तर कागदावरही बदला. हे कटू आहे, पण लिहितो: समुद्रात बेपत्ता झालेला माणूस सापडला नाही तर कायद्याने मृत मानायला सात वर्षं लागू शकतात. फयानमध्ये गेलेल्यांच्या घरच्यांनी कागदांसाठी मारलेले हेलपाटे अजून लोकांना आठवतात. मत्स्यसंपदा योजनेतला अपघात विमा मृत्यूला ५ लाखांचा आहे, पण नौकेवर तो माणूस होता हे आधी सिद्ध व्हावं लागतं. परराज्यातून आलेल्या खलाशांच्या बाबतीत तर जास्तच, त्यांचं इथे विचारायला कोणी नसतं. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, फ्रीजवर लिहून चिकटवा.

शेवटी सोसायटीने काय ठरवलंय ते. गेल्या सभेत यावर दोन तास भांडण झालं, आणि ते होणं बरंच झालं. लहान नौकावाले म्हणाले, मोठे थांबले तर आम्हीही थांबू. मोठे म्हणाले, आमचा हप्ता कोण भरणार? तोडगा असा निघाला: सात दिवसांच्या तक्त्यात लक्षद्वीप, कोमोरिन किंवा मध्य-पूर्व अरबी समुद्रात ‘मॉडरेट’ किंवा ‘हाय’ असेल आणि कोणी फेरी पुढे ढकलली, तर सोसायटीकडून उचललेलं बर्फाचं कूपन बुडणार नाही, पुढच्या फेरीला चालेल. बर्फ एकदा नौकेत भरला की मात्र कूपन संपलं. म्हणून निर्णय भरण्याआधी. डिझेलसाठी असंच काही करता येईल का ते बघतोय, अजून जमलेलं नाही.

आणि आमच्यापुरतं: "धोका नाही" हे शब्द आम्ही या पानावर पुन्हा लिहिणार नाही. रोज दुपारी अंदाज आला की त्यातला शब्द, जागा आणि दिवस जसाच्या तसा मराठीत टाकू. खाली मच्छीमारांच्या इशाऱ्यातला वाऱ्याचा आकडा. अर्थ तुम्ही तुमच्या फेरीप्रमाणे लावा, शंका असेल तर जेट्टीवर संध्याकाळी सहा ते आठ आमच्यातलं कोणीतरी असतं. उद्या गुरुवार आहे, दोन आठवड्यांचा अंदाज आला की तोही टाकतो. ज्यांची रविवारी फेरी आहे त्यांनी तो बघितल्याशिवाय बर्फाची गाडी सांगू नये.